दोन ठोक्यांमधली जागा

१२ जुलै, मंगळवार. दिवसभर ढगाळ. सिलिंडर आला. दुसरा बेडूकही गप्प. मुलगी जेवली नाही.

काकूंच्या रोजनिशीतली ही नोंद. गप्प होता तो बेडकाचा मेंदू. प्रयोगशाळेत काकूंचं काम ध्वनिफितींचं. तळ्याकाठी टिपलेली नर बेडकाची साद त्या साफ करून द्यायच्या. मग संशोधन करणारी मुलगी ती भूल दिलेल्या बेडकाला ऐकवायची. त्याच्या मेंदूतली पेशी जागी झाली की स्पीकर तडतडायचा.

"ही पेशी ठोके मोजते, काकू," मुलीने एकदा टेबलावर बोट वाजवून सांगितलं होतं. "ठरलेल्या अंतराने पुरेसे ठोके आले की मगच बोलते. मधलं एक अंतर चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे माझ्या विणकामासारखंच. टाके मोजताना कोणी हाक मारली की गेलं सगळं."

दोघी हसल्या होत्या. पण सोमवारी पहिला बेडूक गप्प राहिल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मुलीला सुनावलं, "तुझा हात बसलेला नाही. या आठवड्यात जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे देईन."

बुधवारी सकाळी काकूंनी फीत हाताने हळूहळू फिरवून ऐकली. सादेच्या मधोमध जोड लागला. तिथे, दोन ठोक्यांमध्ये, आधी थोडी खरखर होती. त्यांनी ती नकलेतून कापून टोकं जोडली होती. नीटनेटकेपणा शाळेतल्या नन्सनी अंगात मुरवलेला. खरखरीबरोबर ती जागाही गेली होती, अंतर चुकलं होतं.

"बाळ, तुझा हात नाही चुकला. माझी कात्री चुकली."

फीत ऐकून मुलगी खाली बसली. "आणि मी तीन दिवस स्वतःलाच शिव्या घालतेय. सरांना कोण सांगणार?"

"मीच."

सरांनी मानही वर केली नाही. "मूळ फीत लावा," एवढंच म्हणाले. चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

दुपारी मुलीने तिसऱ्या बेडकाला खरखरीसकट साद ऐकवली. स्पीकर तडतडला. "बोलली, काकू! ऐकलंत?"

"ऐकलं गं." काकूंची नजर बेडकांच्या टाकीकडे गेली. पहिले दोन बेडूक तिथे नव्हते. प्रयोगानंतर बेडूक टाकीत परत जात नसे.

संध्याकाळी त्यांनी रोजनिशीत लिहिलं: मधे एक टाका चुकला होता, स्वेटरची डावी बाही उसवली. लोकर गुंडाळून ठेवली.