बेलझिरीची परिक्रमा

जबलपुरातल्या खमरियाच्या कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले पुंडलिकराव बोरकुटे देवधर्माच्या वाटेला फारसे जात नसत. बेलझिरी नाल्याची परिक्रमा त्यांनी उचलली ती निव्वळ सरकारी कारणासाठी.

झालं असं, की त्यांच्या घरामागून वाहणाऱ्या या नाल्यावर स्लॅब टाकून वर पार्किंग करायचं घाटत होतं. स्लॅब पडला की पावसाळ्यातलं पाणी कुठं जाणार, हे पुंडलिकरावांना पक्कं ठाऊक होतं: त्यांच्या पलंगाखाली. शिवाय त्यांच्या दोन्ही पोरी याच नाल्यात पोहायला शिकल्या होत्या, अन् खेकडे तर अजून निघत. दोन वर्षं अर्ज करून झाल्यावर महापालिकेच्या एका साहेबानं त्यांना समजावलं, की ज्याचं पाणी जमिनीतून निघतं तो ओढा, त्याला हात लावता येत नाही. ज्याचं निघत नाही ती गटार. उद्गम दिखा दीजिए अंकल जी, हम लिख देंगे. मुदत आठ दिवस.

उगम कुणीच पाहिला नव्हता. वरच्या अंगाला नाला दुकानांखाली, घरांखाली गडप झाला होता, आणि लोकांच्या घरात घुसायचं तर काही हक्क लागतो. जबलपुरात तो हक्क परिक्रमावासीला असतो. नर्मदामाईला उजव्या हाताशी ठेवून पायी निघालेल्या माणसाला कुणी दारातून हाकलत नाही, उलट ताट वाढतं. पुंडलिकरावांनी पांढरं धोतर नेसलं, काठी घेतली, पुलापलीकडच्या मारुतीपुढं नारळ फोडला आणि संकल्प सोडला: नाला उजव्या हाताशी ठेवीन, परिक्रमा होईस्तोवर ओलांडणार नाही.

संकल्प सोडून झाल्यावर ध्यानात आलं, की आपलं घर दुसऱ्या काठावर राहिलं.

अंजनीबाई समोरच, वीस पावलांवर, कपडे वाळत घालत होत्या. जेवायला येता ना, त्यांनी विचारलं. आता उगमाला वळसा घालूनच येईन, असं उत्तर गेलं.

"अन् पुलावरून यायले काय होते?"

"संकल्प आहे."

"मंग नारळ इकडून फोडाचा होता ना, बाप्पा."

एवढं बोलून त्या आत गेल्या, बीपीच्या गोळ्या मोज्यात बांधून आणल्या अन् फेकल्या. पहिला मोजा बेलझिरीला अर्पण झाला. दुसरा पोचला.

मोजणीसाठी साहेबानं अंबरीश नावाचा माणूस सोबत दिला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात टेप. जन्म जबलपुरातलाच, मराठी सगळी समजायची, पण तोंड उघडलं की हिंदी. त्यालाही पुंडलिकराव नाला ओलांडू देईनात. मैंने कौन सा संकल्प लिया है काका, असं तो कळवळून म्हणाला. टेप माझ्या नाल्याचा आहे, तो ओलांडला म्हणजे मीच ओलांडलो, असा निकाल मिळाला. बिचारा चहाच्या टपरीकडे आशेनं पाहत राहिला. टपरी पलीकडं होती.

जिथं नाला दिसेनासा होई तिथं पुंडलिकराव पालथे पडून जमिनीवर स्टीलचा गिलास उपडा ठेवत आणि त्याला कान लावत. तिसऱ्या दिवशी गिलासानं त्यांना एका मंगल कार्यालयात नेलं. आत साखरपुड्याची पंगत बसली होती. नवरीच्या आईनं नर्मदे हर म्हणत पाया पडून घेतलं. हे प्रामाणिक माणूस, म्हणाले, बेलझिरी हर. कुणाला काही वावगं वाटलं नाही. एका आजीनं मात्र विचारलं की हे तीर्थ कुठं आलं. पुंडलिकरावांनी तिच्या खुर्चीखाली बोट दाखवलं. आजी लगेच पाय वर घेऊन बसली, अन् जेवण होईस्तोवर पाय खाली टेकवले नाहीत. अंबरीशनं दोनदा श्रीखंड घेतलं आणि नोंद केली: प्रवाह, स्टेजच्या खाली.

सातव्या दिवशी गिलास रिछाईच्या अलीकडं एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी थांबला. त्यापुढं जमीन मुकी होती. घर शैलजाबाईंचं, कागदोपत्रीही त्यांच्याच नावावर. नवरा भाऊराव दारात उभा. फ्रिजखालची फरशी चार वेळा बदलली होती, प्लंबर सात झाले होते, तरी तिथं कायम ओल.

अंबरीश खाली बसला, बोट लावलं, चाटलं. मीठा है, म्हणाला. मग त्यानं नियम सांगितला: उगम इथं लिहिला, तर ही खोली उगमावरचं बांधकाम ठरेल आणि पाडावी लागेल. घरमालकाची सही नसेल तर काही लिहिता येणार नाही. मग बेलझिरी गटार.

पुंडलिकराव काठीवर हात ठेवून उभे होते. आठ दिवसांतला एक उरला होता आणि दुसऱ्याचं स्वयंपाकघर मागायला त्यांची जीभ उचलेना. शेवटी एवढंच म्हणाले, की ताई, जे खरं ते सांगा.

भाऊरावांनी सांगून टाकलं. "कशाचा उगम न् काय? हे बाई पाणी सांडते. लग्न होऊन आली तवापासून सांडून राहिली. माह्या मायले विचारा."

माय भिंतीवर होती, हार घातलेली.

शैलजाबाईंनी पोळ्या उलथायचा सराटा घेतला, फ्रिजपुढच्या फरशीच्या सांधीत घातला आणि उचकटली. खालून पाणी आलं, नितळ, आंगठ्याएवढ्या धारेचं. त्यांनी पोछा टाकून ते पुसलं. ते पुन्हा आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा त्यांनी पोछा भाऊरावांच्या हातात दिला.

"लिहा, भैया," त्या अंबरीशला म्हणाल्या. "पाणी बाईनं सांडलेलं नाही. हे आधी लिहा, मंग उगम लिहा."

पंचनामे में ऐसा लिखते नहीं दीदी, अंबरीश म्हणाला. मग सही होणार नाही, त्या म्हणाल्या. अंबरीशनं लिहिलं. भाऊराव ओट्याकडे, शेगडीकडे, खिडकीकडे पाहत होते. स्वयंपाक कुठं करशील, त्यांनी विचारलं. बघू, अंगणात, असं म्हणून शैलजाबाईंनी सही ठोकली आणि अंबरीशला विनवलं की एकदा मोठ्यानं वाचा, तिकडं तोंड करून. तो भिंतीकडे वळला.

"घर की स्वामिनी द्वारा पानी नहीं गिराया गया है. पानी भूमि से स्वयं निकलता है. उद्गम पाया गया."

अजून एकदा, शैलजाबाई म्हणाल्या.

स्लॅबचा कागद त्या शब्दांनी निकालात निघाला, पण वळसा बाकी होता. पाणी उजव्या हाताशी ठेवायचं तर वाट फ्रिजच्या मागूनच होती. पुंडलिकरावांनी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊरावांनी पोछा खांद्यावर टाकला, फ्रिजला खांदा दिला आणि हातभर सरकवला. पुंडलिकराव पोट आत घेऊन, भिंतीला घासत, एक एक पाऊल टाकत पलीकडं निघाले. धोतराला कोळ्याची जाळी लागली. मग ते दुसऱ्या काठावर उभे राहिले, म्हणजे गॅस सिलिंडरपाशी, आणि शैलजाबाईंना हात जोडून घराच्या दिशेनं चालू लागले.