खांबपंडिताची कानस

सगळे त्याला तोंडावर खांबपंडित म्हणत. बायको मनातल्या मनात म्हणे. विजेच्या लाइनवरचा हा जुना वायरमन जेवायला बसला की घास कमी आणि अक्कलच जास्त चघळायचा. "लोखंडी खांब म्हणजे आयतं अर्थिंग! बंद लाइनला तारेने जोडलेला चिमटा खांबाला लावला की चुकून आलेली वीज थेट जमिनीत. काम फत्ते!"

त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याने एकदा सांगून पाहिलं, "दाजी, आधी कानशीने रंग खरवडायला हवा. रंगावर चिमटा लावून काय उपयोग?"

"मला शिकवतोस? तो चंदेरी रंग मी स्वतः उभं राहून मारून घेतलाय. ओरखडा पडता कामा नये!"

वा रे वा! खांब होता की नवरदेव?

व्हायचं तेच झालं. लाइन बंद केली, पंडितांनी जातीने चिमटा लावला, तोही रंगावरच, आणि मेहुणा वर चढला. तेवढ्यात कुणा दुकानदाराने जनरेटर चुकीचा जोडला आणि वीज उलटी तारेत घुसली. रंगामुळे ती खांबात उतरलीच नाही. मेहुण्याच्या उजव्या हातातून उतरली.

दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यात भावाच्या उशाशी बसली होती. हात कोपरापासून काढावा लागला होता. चौकशीचे साहेब आले तसा पंडितांनी गळा काढला. "चिमटा यानेच लावला, साहेब. मी खांब खरवडून दिला होता, पण यानं धड आवळलाच नाही."

"दाजी, असं काय बोलता?" भाऊ पुटपुटला.

साहेब खांब बघूनच आले होते. चिमट्याच्या जागी लख्ख लोखंड होतं. त्यांनी मान डोलावली. म्हणजे हात गेलाच, आता ठपकाही भावावर आणि नोकरीवरही पाणी!

काल संध्याकाळी भावाला इथे टाकून हे कानस घेऊन कुठे गेले होते, आणि घरी आल्यावर मोरीत इतका वेळ हात का घासत होते, ते आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. शी! याच माणसाला आपण इतकी वर्षं गरम गरम वाढत आलो!

ती उठली आणि नवऱ्याचं मनगट धरून साहेबांपुढे केलं. "ह्यांची नखं बघा, साहेब. अजून चंदेरी आहेत. रंग काल खरवडलाय, अपघात झाल्यावर."

साहेब वाकून बघू लागले. पंडितांनी हिसका देऊन हात मागे ओढला. "काहीतरीच काय बोलतेस! घरी चल आधी."

"तुम्हीच जा," ती भावाच्या उशाशी परत बसत म्हणाली. "आणि हाताने वाढून घ्या. तुमचे दोन्ही शाबूत आहेत."