पिठाच्या डब्यातली मूर्ती

जठारपेठेत लेकीकडे मी हल्ली मजेत असते. चहा हातात मिळतो आणि नातीच्या अभ्यासात नाक खुपसायची मुभा आहे. परवा तिने पुस्तक माझ्यापुढे आपटलं.

"आजी, तू मराठीची बाई होतीस ना? यात मुख्य मुद्दा कुठं हाय? तीनदा वाचलं, कुठंच लिहून नाही."

परदेशातल्या एका कृष्णवर्णीय बाईने लहानपणाबद्दल लिहिलेला लेख होता. गोऱ्या मुलींच्या शाळेत जायचं म्हणून ती दर रविवारी कुरळे केस तापलेल्या कंगव्याने सरळ करायची. एकदा पोहण्याच्या तासाला केस भिजले, पुन्हा कुरळे झाले, आणि ती तशीच जाऊन पहिल्या बाकावर बसली. लेख संपला. नातीचं उत्तर होतं, 'केसांची निगा राखावी.'

"अवं माय, ते केसांबद्दल बोलूनच नाही राहिली!"

"मंग कशाबद्दल?"

आली पंचाईत. समजवायला माझ्याकडे एकच दाखला होता, आणि तो सांगितला की नातीच्या नजरेतली कोणालाही न भिणारी आजी संपणार. पण उद्या वर्गात ही केसांची निगा वाचून दाखवणार! सांगून टाकलं.

नोकरीला लागले तेव्हा मी अमरावतीत एका खोलीत राहायची. आम्ही बौद्ध. शाळेत कुणी आडून आडून "तुमी कोन?" विचारलं की ही शहाणी सांगे, "अचलपूरकडचे." जणू अचलपूर ही एक जातच. घरी कुणी येणार असलं की कपाटावरची बुद्धाची मूर्ती लपवायची. जागा तरी काय अक्कल चालवून शोधली होती, पिठाचा डबा!

एकदा अकोटकडची एक शिक्षिका जेवायला आली. बड्या शेतकऱ्याघरची, तिला बसवेना. "सरक वं, पोया मी लाटतो," म्हणत तिने मला बाजूला सारलं. पीठ कमी पडलं म्हणून डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आले भगवान, पांढरेफटक.

"बाप्पा! याईले काहून कोंडलं इथं?"

तिने पदराने मूर्ती पुसली, कानातलं पीठ फुंकून काढलं, कपाटावर ठेवली आणि परत पोळपाटाशी बसली.

"तुले काय वाटलं, आमाले ठाऊक नाही? अख्ख्या शाळेले ठाऊक हाय. मीठ दे इकडं."

नात हसून हसून लोळली. मग एकदम गंभीर. "तवा तुले वाईट वाटलं?"

"छट्! त्या दिवशी दोन पोया जास्त खाल्ल्या मी."

तिने केसांची निगा खोडली आणि लिहिलं, 'लपवायचं सोडल्यावर तिला मोकळं वाटलं.' तरी शंका होतीच. "पण हे लेखात कुठं हाय?"

"कोपऱ्यात नाही, पहिल्या बाकावर बसली ना ते? वाच मंग."

उत्तर जमलं. माझा मान मात्र गेला तो गेलाच. पाचव्या मिनिटाला ती स्वयंपाकघरात आपल्या आईला माझी नक्कल करून दाखवत होती, आणि मी दारात उभी राहून तिच्या चुका सुधारत होते.