निळी गल्ली

मंगळवारी नगरपरिषदेच्या सभेत आमच्या गल्लीचा ठराव मंजूर झाला. त्या ठरावाने गल्ली निवासी विभागातून वाणिज्य विभागात गेली. मी आणि माझी बायको सभागृहात प्रेक्षकांच्या बाकावर बसलो होतो. सभा संपल्यावर आम्ही घरी आलो आणि तिने भाकरी टाकल्या.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. बायको जवळच्याच चुडावा गावची. गल्लीच्या तोंडाशी विहार, मग दोन्ही अंगांनी घरं आणि शेवटी बसस्टँडची भिंत. घरं लहान होती, पण प्रत्येकाला ओटा होता. संध्याकाळी मी आत वाचत बसायचो आणि ती ओट्यावर. ज्वारी निवडत, मेथी खुडत बायकांचं बोलणं चालायचं. ते माझ्या पुस्तकात मिसळून जायचं, आणि मला त्याचा कधी त्रास झाला नाही.

आम्हाला मूल नाही. तिच्या हृदयाचा आजार परभणीच्या डॉक्टरांनी सांगितला, तेव्हा परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "म्या आधी गेले तर तुमचं कसं व्हायचं? साखर कुठं असती ते तरी ठाव हाय का?"

"डब्यात," मी म्हणालो.

"कोणत्या?"

मला सांगता आलं नाही. ती हसली. "असू द्या. गल्ली हाय."

तिची सगळी व्यवस्था त्या दोन शब्दांत होती. समोरच्या काकू भाकरी देतील, शेजारची सून चहा देईल, दोन दिवस दार उघडलं नाही तर कुणीतरी कडी वाजवील. तिला स्वतःची भीती नव्हती. तिला माझी होती.

विकास आराखड्याच्या नकाशात प्रत्येक विभागाला रंग असतो. राहत्या घरांना पिवळा, शेतीला हिरवा, बाजाराला निळा. हे मला आता माहीत आहे. तेव्हा गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या प्रभागाचे मेंबर एका सकाळी मोटारसायकलवरून आले आणि विहारापाशी गाडी उभी करून म्हणाले, "नव्या नकाशात आपली गल्ली निळी व्हायलीय बरं का." ते खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. त्यांना स्वतःला किती समजलं होतं, कोण जाणे. पण आमच्या गल्लीत निळा म्हटल्यावर पुढे काही विचारायचं राहत नाही. जयंतीला दारोदार निळे झेंडे असतात. कित्येकांच्या चौकटी निळ्या आहेत. समोरच्या काकू म्हणाल्या, "इतकी वर्सं नकाशात आमी हाव का न्हाई तेच ठाव नव्हतं. आता रंगासगट आलो."

बायकोने रव्याचे लाडू केले. गल्लीत वाटले, आणि तिचं नाव कोरलेला स्टीलचा डबा भरून मेंबरांच्या घरी पाठवला. लाडू मीही खाल्ला. हरकती घेण्याची मुदत त्याच महिन्यात सुरू झाली आणि संपली. नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर लागली होती म्हणतात.

मग एक दिवस बाजारातले हार्डवेअरचे व्यापारी कोपऱ्यावरचं घर बाहेरून बघायला आले. कपाळाला विभूती, बोलायला गोड माणूस. बायको ओट्यावरच होती. तिने विचारलं, "काय बघायलाव, मालक?"

"जागा बघायलोय, मावशी. निळा पट्टा झाला ना आता. दुकानं निघतील."

"निळा म्हंजे दुकान?"

"म्हंजे बाजार. पिवळा म्हंजे राहती घरं."

मांडीवरचं सूप तिने खाली ठेवलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "सभा हाय म्हनं. जाऊ या."

सभेत वाद झाला. दुसऱ्या प्रभागाच्या एक बाई सदस्य ठरावाच्या विरोधात उभ्या राहिल्या. "तिथं पिढ्यान्पिढ्या लोक राहायलेत. दुकानं आली की जागेला भाव येईल, एकेक घर विकून जाईल. त्या लोकांना कुणी विचारलं का?"

"बसस्टँडला लागून जागा हाय, ताई," पलीकडून एक जण म्हणाला. "बाजार वाढवायचा कुठं? नदीत?"

हशा झाला. त्याचंही चुकीचं नव्हतं. गावाचा बाजार खरंच रस्त्यावर आला होता.

"आन् घरं कुणी हिसकून घ्यायलंय का? विकायचं त्यानं विकावं, राहायचं त्यानं राहावं," तोच पुढे म्हणाला.

शेवटी आमचे मेंबर उठले. "अध्यक्ष साहेब, मुदतीत एकही हरकत आली नाही. उलट लोकांनी माझ्या घरी लाडू पाठवले."

बाकं वाजली. बायको माझ्या शेजारून उठून उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "प्रेक्षकांना बोलता येत नाही, मावशी. बसा."

"बोलत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "मेंबर, लाडू खाल्ले ते खाल्ले. माझा डबा तेवढा वापस द्या."

सगळं सभागृह हसलं. मेंबरही हसले, आणि मग समोरचे कागद चाळू लागले. हात वर झाले. त्या बाईंसोबत आणखी दोघांनी विरोध नोंदवला. पुढचा विषय गटारीचा होता.

डबा दोन दिवसांनी आला. मेंबरांची आई स्वतः घेऊन आली. रिकामा कसा द्यायचा म्हणून तिने त्यात शेंगदाणे भरले होते. ओट्यावर बसून म्हणाली, "पोराला लय बोलले बाई म्या." बायकोने तिला चहा दिला. त्या शेंगदाण्यांची चटणी आम्ही बरेच दिवस खाल्ली.

कुणाला कुणी हाकललं नाही. एकाच्या मुलाला पुण्यात शिकायला पाठवायचं होतं, एकाच्या मुलीचं लग्न निघालं, दोघा भावांत वाटणी होईना. भाव चांगला आला होता आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. कुणी परभणी रोडला प्लॉट घेतला, कुणी नदीच्या बाजूला, कुणी लेकाकडे गेलं. जाण्याआधी प्रत्येक घराने आम्हाला जेवायला बोलावलं. ओटे फुटले, शटरं लागली.

काकू सगळ्यांत शेवटी गेल्या. "तुमी बी चला की, बाई. दोघंच काय करताव हितं?"

"ह्यांची पुस्तकं कोण उचलील?" बायको म्हणाली. काकू हसता हसता रडायला लागल्या.

नंतर मी तिला म्हटलं, खरंच जाऊ या. ती म्हणाली, "कुठं? एक हिकडं, एक तिकडं. आता कुणाच्या दारात जाऊन बसू?"

काकू गेल्या त्या हिवाळ्यापासून ती संध्याकाळी ओट्यावर बसेनाशी झाली. समोर गिऱ्हाइकांच्या गाड्या लागायच्या. ती मला स्वयंपाकघरात बोलवायची. "पुस्तक ठेवा. हितं बसा." साखर कोणत्या डब्यात, हळद कोणत्या, तूर किती वेळ शिजते. मग भाकरी. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. "गोल नसली तरी चालती. भाजली पायजे," ती म्हणाली. मी हसलो, कारण शाळेत निबंधाबद्दल मी मुलांना जवळपास हेच सांगत असे. ती हसली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली. "गल्ली हाय" असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

ती एका सकाळी गेली, झोपेत. कुणाला हाक मारावी ते मला कळेना. दारात उभा राहिलो तर हार्डवेअरचे मालक कोपऱ्यावरचं आपलं नवं दुकान उघडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्या खिशात टाकून आत आले. फोन त्यांनीच केले. काकू रिक्षाने आल्या तोवर आम्ही तिला विहारापाशी नेलं होतं. वंदना सुरू होती. त्या चपला काढून मागे उभ्या राहिल्या. तिला घेऊन निघालो तेव्हा गल्लीतली सगळी शटरं अर्धी खाली होती, आणि दुकानांतले लोक बाहेर येऊन उभे होते. त्यांतल्या बहुतेकांना तिचं नाव माहीत नव्हतं.

काकू महिन्यातून एकदा येतात. ओट्यावर बसतात, गाड्यांतून वाट काढत रिक्षापर्यंत जातात. मेंबर रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, मीही करतो.

विहार जागेवर आहे. आमचं घर आहे. साखर कोणत्या डब्यात आहे ते मला माहीत आहे. भाकरी मी करतो. रात्री शटरं खाली येतात आणि दुकानदार आपापल्या घरी जातात. मग गल्लीत मी राहतो.