कानातला रातकिडा

आमच्या घरात सकाळी आवाज करायचा नाही, हा नियम मी केला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायच्या थोडं आधी मला ब्लडप्रेशर निघालं आणि एका सोबत्यानं मला बारामतीला ध्यानाच्या वर्गात नेऊन बसवलं. स्वभाव मुळातच तापट. कचेरीत एखादी फाईल जागेवर नसली की मी अख्खी खोली डोक्यावर घ्यायचो. वर्गातले गुरुजी म्हणाले, रोज पहाटे डोळे मिटून बसा, श्वास येतो कसा, जातो कसा, तेवढंच बघा. मला ते मानवलं. राग यायचा तो येतच राहिला, पण येताना दिसायला लागला. माझ्यासारख्या माणसाला तेवढंही खूप होतं.

कळंबमधलं आमचं घर रस्त्याला लागून आहे. मी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचो आणि मागं स्वयंपाकघरात बायकोची कामं चालायची. ताट पडलं की माझी तार तुटायची. मग डोळे न उघडता मी घसा खाकरायचो. तिला तेवढं पुरायचं. हळूहळू ती ओट्यावर फडकं अंथरायला लागली, भांडी त्यावर ठेवायला लागली. बादली नळाखाली तिरपी धरायची, म्हणजे पाणी कडेनं उतरतं आणि वाजत नाही. आमची मुलगी कऱ्हाटीला दिलेली. तिचा सकाळी फोन यायचा, तर ही फोन घेऊन मागच्या दारी लिंबाखाली जायची.

त्याआधी ती चहा करता करता बोलत असे. तिला स्वप्नं फार पडायची आणि ती सगळी मला सांगायची असायची. तिचं माहेर मोरगावकडचं, जिरायती. स्वप्नात हटकून तिच्या वडलांच्या शेळ्या असायच्या. कधी त्या कोरड्या विहिरीत उतरलेल्या, कधी एसटीत खिडकीला बसलेल्या आणि कंडक्टर त्यांच्याकडं तिकीट मागतोय. सकाळी सकाळी शेळ्यांचं तिकीट ऐकून घेण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी म्हणायचो, नंतर सांग. पुढंपुढं तेही म्हणावं लागेना.

गावात मात्र माझं नाव झालं. आबा किती शांत झाले, असं लोक म्हणायचे आणि ते माझ्या कानावर येईल अशी व्यवस्था मीच करायचो.

माझ्या शांतीला एकच शत्रू होता, तो म्हणजे उसाचा हंगाम. कारखाना सुरू झाला की आमच्या दारावरून दिवसरात्र ट्रॅक्टर जातात. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या मागं भलेमोठे स्पीकर. गाणं अर्ध्या मैलावरून ऐकू येतं आणि दारात येतं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात. मी ध्यानातून उठून बनियनवरच रस्त्यावर धावायचो, दोन्ही हात पसरून ट्रॅक्टर अडवायचो आणि मनात येईल ते बोलायचो. एकदा एका ड्रायव्हरनं गाणं बंद करून शांतपणे मला सांगितलं, "आबा, गाणं बंद केलं की डोळा लागतुय. मागं एवढा ऊस हाय." मी म्हटलं, झोप येत असेल तर घरी जाऊन झोप. तो गाणं न लावताच पुढं गेला. माझी कीर्ती पसरली. दोनतीन हंगामांनंतर ड्रायव्हर मंडळी आमच्या वळणाला आली की आपणहून आवाज बारीक करायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

गेल्या थंडीत एका पहाटे मी बसलो होतो आणि रातकिडा ओरडायला लागला. खोलीतच कुठंतरी होता. श्वास राहिला बाजूला, मी उठून कपाटामागं पाहिलं, देव्हाऱ्याखाली पाहिलं. बायकोला हाक मारली. तिनं बॅटरी आणली. आम्ही दोघांनी कपाट सरकवलं, सतरंजी झटकली, कोपऱ्याकोपऱ्यात औषध मारलं. ती म्हणाली, मला तर काहीच ऐकू येत न्हाय. मी तिच्यावर खेकसलो की तुझे कान गेलेत. वैतागून मी दोन्ही कानांत बोटं घातली, आणि किडा आणखी मोठ्यानं ओरडायला लागला. तेव्हा मला कळलं की तो खोलीत नाही. मी खाली बसलो आणि बायको हातात बॅटरी घेऊन माझ्याकडं बघत उभी राहिली.

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद पेटीत बसवून तपासलं. माणूस भला होता. म्हणाले, वय झालं की कानाची नस थकते, मग असा आवाज येतो. गोळ्या दिल्या, पण जाईलच असं सांगता येत नाही म्हणाले. सवय करून घ्या आणि शांततेत बसू नका. पंखा चालू ठेवा, माणसांत राहा. शांततेत तो जास्त ऐकू येतो. परतीच्या एसटीत इंजिनाच्या आवाजात किडा दबला होता. मला इतकं बरं वाटत होतं की कळंब येऊच नये असं वाटत होतं. शेजारी बायको पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली होती.

गुरुजींना फोन केला. त्यांनी सांगितलं, आवाजाचा द्वेष करू नका, नुसते साक्षी व्हा. मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटून किड्याकडं बघत बसलो. पण साक्षीदार कितीही चांगला असला तरी खटला माझ्याच डोक्यात चालला होता, आणि त्याला निकालाची तारीख अशी नव्हती. श्वास ऐकू येईना. ज्या जागेत मी इतकी वर्षं रोज सकाळी जाऊन बसायचो, ती जागाच कुणीतरी बळकावली होती. मला भीती वाटायला लागली. पंखा लावला तर पंख्याच्या आत किडा, टीव्ही लावला तर बातम्या देणाऱ्याच्या मागं किडा.

मग एका सकाळी रस्त्यानं ट्रॅक्टर आला. कुणी नवखा ड्रायव्हर असावा, त्याला आमचं वळण माहीत नव्हतं. गाणं भसाभसा घरात शिरलं, काचा वाजल्या, आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत माझ्या कानात काहीही नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून मी ध्यानाला बसायचं सोडून खुर्ची घेऊन फाटकात बसायला लागलो. ट्रॅक्टरची वाट बघत.

पण फाटकात मी दिसलो की ड्रायव्हर लांबूनच गाणं बंद करायचे. काही जण तर हात जोडून पुढं जायचे. असू दे, वाजव, असं मी एकाला हातानं खुणावलं, तर तो घाबरून म्हणाला, "चुकलं आबा, पुन्यांदा न्हाय लावणार." आता ओरडून मागायचं तरी कसं? ज्या तोंडानं बंद करायला लावलं त्याच तोंडानं चालू कर म्हणायची लाज वाटली. मी आत जाऊन दाराआड बसायला लागलो. मी दिसलो नाही म्हणजे एखादा विसरून मोठ्यानं वाजवत जाईल, एवढ्या आशेवर सकाळ काढायची.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या गावाला गेल्या, रस्ता मोकळा झाला. शेजारपाजारचे म्हणाले, सुटलो बाबा एकदाचे, आता जरा निवांत. मी हो हो म्हटलं.

त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी मी सवयीनं सतरंजीवर बसलो. बाहेर पान हलत नव्हतं. किडा इतका मोठ्यानं ओरडत होता की कपाळ दुखायला लागलं. घरात दुसरा आवाज शोधावा म्हणून मी कान दिला, तर घरात आवाजच नव्हता. मला वाटलं बायको उठलीच नाही. आत जाऊन पाहिलं तर ती चहा टाकून, कणीक मळून, भांडी विसळत उभी होती. सगळं काम चाललं होतं आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

मी ओट्याला टेकलो. म्हटलं, "काहीतरी बोल."

ती दचकली. आपलं काही चुकलं का, असं तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली, "काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस तसं. स्वप्न सांग. शेळ्यांचं सांग."

ती खरंच विचार करत राहिली. मी वाट बघत राहिलो. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्याची मी वाट पाहिली असेल तर ती तेव्हाच.

"सपनं पडत्यात की," ती म्हणाली. "पर आता उठूस्तर इसरून जात्यात. कुणाला सांगायचं नसलं की आठवून तरी काय करायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. माझं तोंड बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं विचारलं, "लई वाजतंय का वो?" मी मान हलवली.

"मग भांडी वाजवू का जरा?"

मी हो म्हटलं. तिनं ओल्या हातानं ताट उचललं, ओट्यावरचं फडकं बाजूला केलं, माझ्याकडं एकदा पाहून घेतलं आणि ताट खाली ठेवलं. पण इतक्या वर्षांची सवय. ते तिच्या हातून इतकं अलगद टेकलं की आवाज झालाच नाही.