निळ्या अक्षरांतलं औषध

बेळगावच्या श्रीपाद मास्तरांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्यांना लिहायचा नाद लागला. स्वतःला मधुमेह असल्यामुळे त्यावर त्यांनी एक लेख मनापासून लिहिला. दोन-तीन वेबसाइटींनी तो नाकारला. शेवटी आरोग्याच्या एका साइटनं लगेच होकार कळवला, तेव्हा मास्तर हरखून गेले.

त्यांची सून चिन्मयी घरी बसून वेबसाइटींचंच काम करायची. कंपन्यांचे लेख दुसऱ्यांच्या साइटवर द्यायच्या आधी ती साइट धड आहे का, हे पारखायचं. तिनं ती आरोग्याची साइट थोडी चाळली आणि नकारार्थी मान हलवली.

"बाबा, इथं नको. हे कुणाचाही लेख घेतात. बाहेर जाणारे दुवे, म्हणजे लिंका, बघा ना. स्वयंपाकाच्या लेखातून जुगाराच्या साइटवर, योगासनांच्या लेखातून कर्जवाल्याकडे."

"माझ्या लेखात एकही दुवा नाही."

"जाहिरातवाल्यांकडून पैसे घेऊन ते मागाहून घालतात, बाबा."

सुनेला आपलं लिखाणच पसंत नाही, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. त्यांनी लेख पाठवून दिला आणि साइटवर आल्या आल्या व्हॉट्सॲपवर सगळ्यांना धाडला. सगळ्यांत आधी बोरगावच्या मष्णूला. नोकरीच्या सुरुवातीला मास्तर त्याच्या घरी भाड्यानं राहिले होते. दोस्ती तेव्हापासूनची, आणि साखरेचं दुखणंही पुढं दोघांना एकाच सुमारास जडलं.

काही महिन्यांनी मष्णूच्या बायकोचा, जयाबाईचा फोन आला. मष्णूचा पाय कापावा लागला होता.

मास्तर निपाणीच्या दवाखान्यात पोचले. चादर एका गुडघ्याखाली सपाट होती.

"गोळ्या घेत नव्हतास का रे?"

"तू सांगितलेली पावडर घेत हुतो की. गोळ्या बंद करा म्हणून लिवलंय त्यात."

"कुठली पावडर?"

मष्णूनं मोबाइल पुढं केला. लेख मास्तरांचाच. 'डॉक्टरांनी दिलेलं औषध कधीही चुकवू नका' हे वाक्यही त्यांचंच. फक्त 'औषध' हा शब्द निळा झाला होता. त्यावर बोट ठेवताच पावडरीच्या जाहिरातीचं पान उघडलं: 'गोळ्या बंद करा, ही घ्या.'

"हे मी घातलेलं नाही, मष्णू."

"मला काय कळतंय रं त्यातलं? तुझं नाव बघितलं आणि घेतली."

जयाबाईनं थर्मासमधला चहा ओतून मास्तरांच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्यांनी चिन्मयीला सगळं सांगितलं. तिनं एका शब्दानंही टोचलं नाही. लेख काढा म्हणून साइटवाल्यांना लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. लेख अजून तिथंच आहे. ज्यांना ज्यांना धाडला होता, त्यांना मास्तरांनी स्वतः फोन केले. बहुतेकांनी तो उघडलाही नव्हता. ज्यानं अक्षरन्‌अक्षर वाचला, तो एकटा मष्णू.

आता मास्तर रविवारी बोरगावला जातात. मष्णूचा उरलेला पाय मांडीवर घेऊन, चष्मा सरसावून, कुठं जखम तर नाही ना म्हणून एकेक बोट उजेडात बघतात.

"आता काय लिवत न्हाईस व्हय रं?" मष्णूनं एकदा विचारलं.

"न्हाय," मास्तर म्हणाले आणि पुढचं बोट बघू लागले.