वन्सं आणि सतरा नंबरचा फॉर्म

सोलापूरच्या नवी पेठेत येणाऱ्या शाळकरी पोरींच्या बाहीचं माप आणि पोटातलं गुपित आमच्या वन्संइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल, तर मी नाव बदलून घेईन. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. धंदा गणवेश शिवायचा आणि नाद किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचा. तीन छापून झाल्या, तरी दुकानाच्या पाटीवर अजून ‘गणवेश वेळेवर मिळतील’ एवढंच आहे, आणि तेही खोटं.

खोटं अशासाठी, की नवं प्रकरण वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला कपडे मिळत नाहीत. पोरगी गणवेश घालून बघायला आली की वन्सं तिच्या हातात वही देतात आणि काज-बटणं मुद्दाम सावकाश करत बसतात. ऐन जूनमध्ये एक आई कडाडली, “अवो ताई, शाळा उद्या हाय की!” वन्सं म्हणाल्या, “मग काय, दोनच पानं ऱ्हायलीत.” सुचलेले संवाद त्या खडूने समोरच्या कापडावरच लिहितात. एकदा पाठीवर ‘मी आज पळून जाणार’ असं लिहिलेला फ्रॉक घालून एक पोरगी घरी गेली, आणि तिच्या बापाने दोन दिवस फाटकाला कुलूप घातलं.

गेल्या वर्षीची कादंबरी सांगोल्याकडच्या पोरीची होती. दुष्काळात तिची शाळा सुटते, ती शेरडं राखते आणि शेवटी पुन्हा शाळेत जाते. ही पोरगी म्हणजे वन्संच, हे घरात सगळ्यांना माहीत. फक्त वन्सं स्वतः सातवीनंतर शाळेत गेल्या नाहीत. सोलापुरात आत्याकडे शिलाई शिकायला आल्या. नववीतल्या एका पोरीने शेवट वाचला आणि वही मिटून म्हणाली, “ह्यो शेवट खोटा हाय.”

“का गं?”

“टँकर, शेरडं, समदं लई खरं वाटतंय. पण ती परत शाळेत कशी गेली, ते तुमी लिवलंच न्हाय. एकदम बाकावरच बसलीय.”

कशी गेली, ते वन्संनाच ठाऊक नव्हतं. कधी नव्हे तो त्यांनी गणवेश मुकाट्याने हातात दिला. प्रकाशकाला थांबा म्हणून कळवलं आणि दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी! “आधी जाऊन बघते, मग लिव्हते,” म्हणाल्या. बीजगणित शिकवायला तीच पोरगी येऊ लागली. गणित सुटल्याशिवाय ती वन्संना चहासुद्धा पिऊ द्यायची नाही.

मार्चमध्ये पहिल्या पेपरला मी त्यांना केंद्रावर सोडायला गेले. एरवी आयांना दटावणाऱ्या वन्सं, पण दारात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “जाऊ नको गं. सुटंपर्यंत थांब.”

पोरांच्या आयांबरोबर मी तीन तास उन्हात थांबले. एकीने विचारलं, “तुमचं कोण हाय आत?”

“नणंद,” मी म्हटलं. ती खळखळून हसली, मीही हसले. पण सांगोल्यात त्या वेळी एखादं माणूस वन्संसाठी असं शाळेबाहेर थांबलं असतं तर, असं मनात आलं आणि भर उन्हात मला रडू फुटलं.